कार्ड होतं, वायर नव्हती

मिठबावकर सरांवर मी दोनदा पत्रक लिहायला बसले आणि दोन्ही वेळा त्यांनीच ते बिघडवलं. म्हणून आता पत्रक नाही. जे आठवतं ते लिहिते. यात घोषणा नाही, मागणी नाही, तळाला संघटनेचं नाव नाही. चीड आहे. ती काढून टाकली तर लिहायला काही उरत नाही.

सर सिल्वासाच्या एका प्रशिक्षण केंद्रात शिकवायचे. विषय होता संगणकावर यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढणं. जवळच सायली गाव, तिथल्या कारखान्यांत साचे बनतात, पंप बनतात, त्यांची ड्रॉइंग करणारी माणसं लागतात. केंद्राची परीक्षा पास झालं की ड्रॉइंग ऑफिसात खुर्ची मिळण्याची आशा. नापास झालं की आईबाप जिथे उभे असतात त्याच लाइनवर आपणही उभं राहायचं. आमच्या बॅचमधली निम्मी मुलं धुळे-नंदुरबारकडून आलेल्या कामगारांची होती. मीही त्यातलीच.

सर देवगडकडचे. मुंबईत बरीच वर्षं काढून इकडे कंत्राटावर आलेले. उंच, ताठ, केस काळेकुळकुळीत रंगवलेले, आणि रंग नेहमी थोडा कानाला लागलेला. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी चित्रकलेचा ब्रश. आमच्याकडची धूळ काही साधी नाही. सुताच्या गिरणीची, प्लास्टिकची, सगळ्याची मिळून होते. ती संगणकाच्या पंख्यात जाऊन बसते. सर बोलता बोलता कॅबिनेटचं झाकण उघडायचे आणि पंख्याची पाती एकेक करून झाडायचे, लहान मुलाचे कान साफ करावेत तशी. आम्ही त्यांना पाठीमागे ‘ब्रश’ म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. आवडतही असावं. स्वतःवर भारी खूश असलेला माणूस होता तो.

पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर कॅबिनेट आडवं पाडलं आणि म्हणाले, “या रे, पोट फाडून दाखवतो.”

“पडद्यावर जे दिसतं ते ठिपक्यांचं. लाखो ठिपके. प्रत्येकाला कुणीतरी सांगायला लागतं, तू लाल हो, तू काळा हो. आणि तुम्ही पंपाचा भाग नुसता गर्रकन फिरवलात की सगळ्यांना नव्यानं सांगायला लागतं. कोण सांगणार? हा मधला मुख्य प्रोसेसर? त्याला घरची सगळी कामं आहेत. म्हणून ग्राफिक्स. आता ग्राफिक्सच्या जाती ऐका.”

जाती हाच त्यांचा शब्द. आमच्यातल्या काहींचे चेहरे बदलले. सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

“पहिली जात ऑनबोर्ड. मदरबोर्डावर किंवा प्रोसेसरच्या पोटातच बसलेलं. स्वतःची मेमरी नाही. संगणकाची जी रॅम आहे त्यातूनच मागून घेतं. भाडेकरूच्या घरातला पोटभाडेकरू! पत्र टाइप करा, पिक्चर बघा, तक्रार नाही. पण पंप फिरवायला सांगितलात की बसलं खाली.

“दुसरं हे, वेगळं कार्ड. स्वतःची मेमरी, स्वतःचा पंखा, वीजसुद्धा बऱ्याचदा वेगळ्या वायरनं खातं. स्वतंत्र बिऱ्हाड. यात पुन्हा दोन. एक गेमिंगचं. पळतं सुसाट. एखादी रेघ इकडची तिकडे झाली तर गोळ्या झाडणाऱ्याला काय फरक पडतो? दुसरं कामाचं, वर्कस्टेशनचं. ते सुसाट पळेलच असं नाही, पण दिवसभर रेघ हलणार नाही, आणि ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरशी त्याचं आधीपासून जमवून दिलेलं असतं. आपल्या केंद्रात कुठलं? हे. कामाचं. प्रत्येक मशीनला. सरकारनं दिलंय. कळलं? लाडावलेली पोरं आहात.”

मग त्यांनी सगळ्या जगाची वाटणी या जातींमध्ये केली. कँटीनमध्ये दुसऱ्याचा पेपर मागून वाचणारा हिशेबनीस ऑनबोर्ड. केंद्रप्रमुखसाहेब? सरांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला, “दिसायला गेमिंग, उघडलं तर ऑनबोर्ड.” स्वतः अर्थात वर्कस्टेशन. मला म्हणाले, “तू गेमिंग गो. आवाज मोठा, ताप मोठा, आणि खेळ संपला की कोणाला आठवत नाही काय झालं.” सगळे हसले. मीही हसले. मला ड्रॉइंग काढायचीच नव्हती, बापाच्या हट्टानं आले होते.

पण आमच्यातल्याच वैशालीला ते म्हणाले, “ही ऑनबोर्ड. गुणी, गरीब, हळू.” आणि ते नाव तिला चिकटलं.

सरांची दुसरी बाजू सांगते, नाहीतर म्हणाल ही नुसती दात धरून बसली आहे. दुधनीहून एक मासेमार यायचा, मधुबनच्या धरणात जाळं टाकणारा. मुलीसाठी त्यानं शहरातल्या दुकानातून संगणक नेला होता, ‘चार जीबी ग्राफिक्सवाला’. घरी तो ड्रॉइंग उघडताच गोठायचा. बाप कॅबिनेट पंच्यात बांधून, बसमध्ये मांडीवर घेऊन केंद्रात आला. सरांनी आत डोकावलं, ब्रश खिशात घातला आणि वर्ग तसाच सोडून त्याच्यासोबत दुकानात गेले. आम्ही काहीजण तमाशा बघायला मागोमाग.

दुकानदार म्हणाला, “सर, चार जीबी छे ने! आनाथी वधारे शुं जोईए?”

“गोडाऊन मोटू छे,” सर त्यांच्या मोडक्या गुजरातीत गरजले, “पण अंदर हमाल एकज छे! अने ए पण डोसो, म्हातारा!”

रस्त्यावरची माणसं थांबली. सर सगळ्यांना समजावू लागले. कार्डावर मेमरीचा आकडा मोठा छापलेला असतो, पण नुसती मेमरी म्हणजे कोठार. माल उचलणारे किती, त्यांची वाट किती रुंद, कार्ड कुठल्या पिढीचं, हे कोणी सांगत नाही. हे तर जुनाट कार्ड, आकडा दाखवून अडाण्याच्या गळ्यात मारलेलं. “एने मासे पकडता येतात, तू एने पकडलास!” दुकानदारानं कार्ड बदलून दिलं. गर्दीनं टाळ्या वाजवल्या आणि सरांनी त्या घेतल्या. नको नको म्हणणारा माणूस नव्हता तो. परत येताना केसांवरून हात फिरवत म्हणाले, “बघितलात? नाव वाचून विश्वास ठेवायचा नाही. आत बघायचं.”

हे वाक्य त्यांनी भर रस्त्यात म्हटलं आणि वर्गात मात्र वर्षभर पाळलं नाही.

कारण आमची मशीन गोठत होती. साधी रेघ यायची. पण भाग उभा करून फिरवायला गेलं की पडदा अडकायचा, सुटायचा, पुन्हा अडकायचा. आम्हाला वाटायचं असंच असतं. ज्यांच्या घरी चांगला संगणक होता ती मुलं, म्हणजे साहेबलोकांची, घरी सराव करून यायची. त्यांना भाग न फिरवता आकडे टाकून काम उरकायच्या युक्त्या सापडल्या होत्या. वैशालीकडे फक्त केंद्राचं मशीन. सामरवरणीला चाळीतली एक खोली, वडील सुताच्या कारखान्यात, आई घरी. पण तिची नजर अशी होती की कागदावरचा भाग बघून ती हवेत बोटानं त्याची मागची बाजू काढून दाखवायची. सर तिच्या मागे उभे राहायचे.

“हात हलव गो, हात! भाकरी नाही थापायची.”

एकदा ती न वळता, घरच्या अहिराणीत, बोलून गेली, “मना हात बराबर चालस सर, हाई कंप्युटरच थांबी जास.”

 सर तिच्यावर ओणवे झाले, माउस घेतला, मशीनमध्ये काय काय बसवलंय त्याची यादी उघडली. “वाच. मोठ्यानं वाच.” तिनं कार्डाचं नाव वाचलं. “आहे ना कार्ड? चालू दिसतंय ना? मग? नाचता येईना, अंगण वाकडं!”

वैशालीनं यादी बंद केली आणि पुन्हा माउस धरला. त्यानंतर परीक्षेपर्यंत ती गप्पच होती.

परीक्षेत पंपाचं कवच उभं करायचं होतं. वेळ संपला तेव्हा वैशालीच्या पडद्यावर अर्धं कवच अडकलेलं होतं. ती नापास झाली. मी झाले. चाळींमधून आलेली जवळजवळ सगळी झाली. घरी संगणक असलेली पास झाली. केंद्रप्रमुखसाहेब निकालाच्या दिवशी म्हणाले, “बॅकग्राउंड का फर्क पडता है.” सर त्यांच्या शेजारी उभे होते.  हे मी विसरलेले नाही.

वैशाली सायलीला पॅकिंगला लागली. मी कंत्राटी कामगारांच्या संघटनेत पत्रकं लिहायला लागले.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला कारखान्यांत यंत्रांची पूजा होते, मशीन पुसून हार घालतात, पेढे वाटतात. केंद्रातही संगणकांना हार आणि कुंकू. बाकीची माणसं मॉनिटरच्या कपाळावर बोट टेकवतात आणि मोकळी होतात. सरांचं मत वेगळं. मॉनिटर म्हणजे नुसता चेहरा, काम करणारा मागे बसलाय, कुंकू त्याला लागलं पाहिजे. म्हणून या वेळी (आदल्या दसऱ्याला ते गावी होते) त्यांनी टेबलं भिंतीपासून ओढायला लावली. वर्षभर ती भिंतीला चिकटलेली होती. मागे वायरींचा गुंता, हात लावू नये असा साहेबांचा हुकूम. मी पेढ्यांसाठी गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं.

सर कुंकवाची वाटी घेऊन गुडघ्यांवर बसले, पहिल्या कॅबिनेटच्या मागे वाकले आणि तसेच राहिले. मग सरकत दुसऱ्यामागे गेले. मग तिसऱ्या. शेवटपर्यंत. उठले तेव्हा पँटला गुडघ्यावर धूळ आणि कुंकू.

साधी गोष्ट होती. मॉनिटरची वायर लावायला कॅबिनेटच्या मागे दोन जागा असतात. वर एक, मदरबोर्डाची, म्हणजे ऑनबोर्डची. खाली एक, वेगळ्या कार्डाची. ज्यानं मशीन बसवली त्यानं सगळ्या वायरी वरच्या जागेत खुपसल्या होत्या. पडदा लागला, माणूस निघून गेला. खालच्या जागांवर कंपनीनं लावलेली रबराची टोपणं तशीच. कार्ड आत होतं, पंखा फिरत होता, वीज खात होतं, यादीत नाव लावून बसलं होतं. आणि पडद्यावरची सगळी हमाली ते पोटभाडेकरू ऑनबोर्ड करत होतं.

सरांनी एक टोपण काढलं, वायर खाली लावली, मशीन चालू केलं. परीक्षेतलं ते कवच उघडलं आणि फिरवलं. फिरलं. कुठे अडकलं नाही, थांबलं नाही. सर ते फिरवत राहिले. पुजारी म्हणाला, “आरती करूया का?” सरांना ऐकू गेलं नाही.

मग ते वळले आणि, शिपाई होता, पुजारी होता, नवी बॅच होती, त्या सगळ्यांदेखत म्हणाले, “ती पोरं हळू नव्हती. मी आंधळा होतो.”

त्यांनी तिथूनच साहेबांची खोली गाठली. मी दाराशी. सरांचं म्हणणं एकच: नापास झालेल्यांची परीक्षा पुन्हा घ्या, आता, नीट मशीनवर.

साहेब पेढा खात होते. “मिठबावकर, कार्ड बिल में है, मशीन में है, लिस्ट में है. अभी चलने भी लगा. हवे शुं?”

“पोरांचं वर्ष, साहेब.”

“रिज़ल्ट ऊपर गया. ऊपर क्या बोलूँ? साल भर वायर किसी ने देखी नहीं? नाक किसकी कटेगी?”

“माझं कापा.”

साहेब हसले. त्यांना वाटलं, बोलायची पद्धत आहे.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी, डोकं जरा थंड झाल्यावर, मी पत्रक लिहिलं. माझं पहिलं मोठं पत्रक. ‘कामगारांच्या मुलांना बंद कार्डावर बसवून नापास करणाऱ्या केंद्राचा धिक्कार असो.’ सरांना दाखवायला नेलं. त्यांनी तांबडं पेन मागितलं, जसं वर्गात मागायचे.

“कार्डं त्यांनी आणली होती. बंद नव्हती. खोटं लिहू नको,” ते म्हणाले. “लिही: वायर बसवणाऱ्यानं चुकीची लावली. शिक्षक मिठबावकर वर्षभर समोर उभा होता. मुलीनं सांगितलं तेव्हा त्यानं तिची थट्टा केली.”

“सर, तुमचं नाव घातलं की सगळं तुमच्यावर ढकलतील.”

“ढकलू देत ना! त्यांना एक दोषी हवाय. आहे मी. दोषी मिळाला की त्यांचं नाक शाबूत, मग परीक्षा घ्यायला काय जातं त्यांचं? अक्कल वापर गो.”

मला हिशेब पटला नाही. पत्रकाला एक शत्रू लागतो, आणि हा माणूस स्वतःच त्या जागी जाऊन बसत होता. पण नाव त्यांचं, चूक त्यांची. छापलं, त्यांच्या शब्दांत. सामरवरणी, सायली, बसथांबे, सगळीकडे वाटलं.

सरांचा हिशेब अर्धा बरोबर निघाला. दोषी केंद्रानं आनंदानं घेतला. कंत्राट संपवलं, आणि सूचनाफलकावर लागलं की निष्काळजी प्रशिक्षकावर कारवाई झाली असून विषय संपला आहे. परीक्षा? अहो, विषयच संपला तर परीक्षा कशाची? सर दाद मागायला गेले, तर खिडकीतला माणूस म्हणाला, “तुम्ही आता इथले नाही.”

या घाणेरड्या सफाईचा मला आजही संताप येतो. माणसानं मान पुढे केली, यांनी ती कापली, आणि ज्यासाठी केली होती ते दिलंच नाही.

मग मी दुसरं पत्रक लिहायला बसले. ‘सत्य बोलणाऱ्या शिक्षकाची हकालपट्टी.’ मथळा झकास होता. सरांनी तेवढाच वाचला आणि कागद उलटा ठेवला.

“माझ्यावर काय अन्याय झाला? मी चुकलो, गेलो. अन्याय त्या पोरांवर. तू मला हार घालायला निघालीस, की लोक माझ्याकडे बघणार आणि पोरं राहणार मागे. हेच हवंय त्यांना. विषय बदलू नको.”

“पण लोक तुमच्यासाठी येतील, सर. वैशालीसाठी कोण येतं?”

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. “म्हणूनच तर,” एवढंच म्हणाले.

रविवारी ते माझ्यासोबत सामरवरणीला गेले. वैशाली नुकतीच पाळीवरून आली होती. आईनं चहा टाकला. सर खाटेच्या कडेवर बसले आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं: वायर, टोपणं, दसरा. मग म्हणाले, “माझ्या खोलीवर माझं मशीन आहे. ये. मी शिकवतो. तुला सगळं येतंय, नुसता हात बसवायचाय.”

वैशालीनं विचारलं, “परीक्षा घेणार का ते?”

“नाही म्हणतात.”

“मग शिकून मी काय करू सर?”

 तिची आई मध्येच म्हणाली, “जाऊ द्या सर, पोर कामाले लागनी ना.” आपल्या परीनं ती त्यांना सोडवत होती. पण वैशालीनं सोडलं नाही. ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही येऊन सांगितलं, बरं वाटलं. पण मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही मागे वाकून बघितलं असतं तर.” आणि कप उचलून आत गेली.

 परतताना मी सरांना काही धीर दिला नाही. का द्यावा? ती खरं बोलली होती.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते पुढच्या बॅचच्या परीक्षेच्या सकाळी. मी केंद्राच्या फाटकाशी येणाऱ्याजाणाऱ्या कामगारांना पत्रकं वाटत होते, विषय दुसराच. सर आधीच येऊन उभे. केस रंगवलेले नव्हते, मुळं पांढरी दिसत होती. आत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला अडवून ते सांगत होते, मागे वाका, वायर कुठे आहे बघा. मुलं हसून बाजूनं जात होती.

चौकीदार उत्तर प्रदेशचा, भला माणूस. तो जवळ येऊन म्हणाला, “सर, वो पुराना सब हटा दिया. अब लैपटॉप आ गया है. वायर का झंझट ही खतम.”

सरांचा चेहरा क्षणभर मोकळा झाला. मग एकदम बदलला.

“लॅपटॉप? अरे, त्यात दोन असतात!” ते माझ्याकडे वळून ओरडले, जणू मी केंद्र चालवते. “छोटं आणि मोठं, दोन्ही आतच. बॅटरी वाचवायला ते मशीन सगळी कामं छोट्यालाच देतं. मोठ्याला द्यायला सांगावं लागतं, सेटिंगमध्ये जाऊन. कोणी सांगितलंय का आत? कोण सांगणार?”

ते वळून फाटकाला भिडले. मुलं पायऱ्या चढत होती. सर सळ्यांना धरून वर्गातल्या आवाजात सांगू लागले, कुठे क्लिक करायचं, काय उघडायचं, कुठलं नाव निवडायचं. एक मुलगी थांबली. मागच्याचा धक्का लागला तशी पुढे गेली. घंटा झाली, दार लागलं.

सर थांबले नाहीत.

“सर,” चौकीदार हळूच म्हणाला, “उधर अब कोई नहीं है.”

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग आवाज उतरवून, अगदी नीट, जे सांगायचं उरलं होतं ते त्यालाच सांगितलं: सॉफ्टवेअर आधी बंद करायचं, मग बदल करायचा, मग पुन्हा उघडायचं, नाहीतर काही होत नाही. चौकीदारानं टोपी काढून ते सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, “अंदर जाके बोल दूँ, सर?”

“तुला जाऊ देतील?”

“नहीं,” तो म्हणाला.